जुनी ऑटोमॅटिक घाट चढली की तिसऱ्यावर अडकते, स्कॅनरवर पी०७०० : गिअरबॉक्स खरंच गेलाय का?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बाबांची २००७ ची पेट्रोल सेडान आहे, चार गिअरची जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे क्लचऐवजी इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला पोचवणारी). कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा "ही कंपनी भारी की ती" यातच जाईल. गाडी १ लाख ३६ हजार चालली आहे.

गार असताना काही तक्रार नाही. नाशकातच सिडकोतून पंचवटीला जाऊन आलं तरी गिअर गुपचूप पडतात. पण मुंबईहून येताना कसारा घाट चढला की इगतपुरीच्या आसपास डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे चौथ्या गिअरचा, लाईट लुकलुकायला लागतो आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसते. मग सिग्नलवरून निघताना उचलतच नाही, मागचे हॉर्न मारून जीव घेतात. बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की शहाण्यासारखी चालते, थोड्या वेळाने परत तेच.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पी०७०० एवढा एकच कोड आला. निदान : गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल. अंदाज ९० हजार, "उघडल्यावर वाढू शकतो" हे वर. गाडी विकायला काढली तर दीड लाख आले तरी पुष्कळ. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबणं बंद. त्यामुळे ऑटोमॅटिकच हवी. खर्चाला नाही म्हणत नाही, पण आधी रोग तरी कळू दे.

गंगापूररोडकर

ताई, स्पष्ट बोलतो. १८ वर्षांच्या ऑटोमॅटिकवर ९० हजार घालणं म्हणजे पैसे गोदावरीत सोडणं. मिळेल त्या भावात विका आणि एखादी नवी एएमटी घ्या. जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स खोलणारे आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके, आणि खोलून पुन्हा नीट बसवणारे त्याहून कमी.

सातपूर_शिफ्ट

विकायचं नंतर बघू. आधी एक सांगतो, पी०७०० हे निदान नाहीच. तो दारावरच्या बेलसारखा आहे : आत कुणीतरी बोलावतंय एवढंच कळतं, काय झालंय ते आत गेल्यावर. गिअरबॉक्सचा कंट्रोलर स्वतःकडे काहीतरी बिघाड नोंदवतो आणि इंजिनच्या कंट्रोलरला सांगतो की तुझा चेक इंजिनचा लाईट पेटव. इंजिनच्या बाजूला त्याची जी नोंद होते ती पी०७००. खरा कोड गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये पडलेला असतो. गॅरेजवाल्याने इंजिनचा भाग वाचला, आत कुणी गेलंच नाही.

कोड वाचायची रीत सोपी आहे. पहिलं अक्षर पी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं घराणं. पुढचा आकडा ० असेल तर तो सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर बहुधा कंपनीचा स्वतःचा, तिथे मॅन्युअलशिवाय अंदाज बांधू नये. तिसऱ्या जागी ७ आला की विषय गिअरबॉक्सचा. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

आता दोन कामं. एक, कुणालाही कोड पुसू देऊ नका आणि बॅटरी काढू देऊ नका. कोडबरोबर त्या क्षणाची नोंद साठवलेली असते, म्हणजे स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती. पुसलं की ती गेली. दोन, असा माणूस शोधा ज्याच्या स्कॅनरमध्ये तुमच्या कंपनीच्या गिअरबॉक्सचा वेगळा मेनू आहे. बाजारातलं स्वस्त ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईल ॲप बऱ्याचदा इंजिनपलीकडे पोचत नाही. शिवाय ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची ठरलेली पद्धत. आपल्याकडे ओबीडी-१ आलं एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून, बीएस-४ गाड्यांना. त्याआधीच्या गाडीत स्कॅनर लावायचा १६ पिनांचा सॉकेट दिसला तरी त्यात सगळं प्रमाणानुसार बोलेलच असं नाही.

अण्णा_द्वारका

स्कॅनर फिस्कॅनर नंतर. आधी ऑईल बघा ताई. गाडी १५-२० किलोमीटर चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवा आणि पी मध्ये आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढायची, काही गाड्यांत बंद करून लगेच. तुमच्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते बघा, कारण चुकीच्या पद्धतीने मोजलं की लेव्हल चुकीचीच दिसणार.

पट्टी पांढऱ्या कागदावर पुसा. लालसर किंवा तपकिरी असेल तर चालेल. काळं आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा जळतायत. बोटांत चोळून चकाकी दिसली तर मग ९० हजारवाल्याशी बोलायला हरकत नाही. दुधाळ चहाचा रंग दिसला तर रेडिएटरमधून पाणी शिरलंय, गाडी जागेवर उभी करा.

आणि बॅटरीचं व्होल्टेज. हसू नका. जुनी बॅटरी आणि ढिली अर्थिंग, एवढ्यावर गिअरबॉक्सचा कंट्रोलर वेडेवाकडे कोड टाकतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं.

रानजाई

दोघांचेही आभार. आज दोन्ही झालं. ऑईलची पातळी बरोबर, रंग गडद तपकिरी, जळका वास नाही, चकाकी नाही. शेवटचं कधी बदललं याची बाबांकडे नोंद नाही. कंपनीचं "लाईफटाईम ऑईल" असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. व्होल्टेज बंद असताना १२.५, चालू असताना १४.१.

अंबड लिंक रोडला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे कंपनीचा मेनू असलेला स्कॅनर मिळाला. गिअरबॉक्समध्ये दोन कोड निघाले : पी०७१५ आणि पी०७३३. साठवलेल्या नोंदीत स्पीड ५८, थ्रॉटल अर्धाअधिक, ऑईलचं तापमान ९६. म्हणजे घाटच. इलेक्ट्रिशियन म्हणाला पी०७१५ सेन्सरचा आहे, पण पी०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचा रेशो चुकतोय, तिसऱ्याची क्लच प्लेट घसरते, गिअरबॉक्स उघडावाच लागेल. म्हणजे फिरून तिथेच आलो का?

ओझरकर

नाही आलात. उलट आता कुठे मजा सुरू झाली. माझी सगळी नोकरी ओझरला विमानांचं वायरिंग तपासण्यात गेली, गाड्या हा निवृत्तीनंतरचा नाद. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, घाई असणाऱ्यांनी खाली सरकावं.

कोड कधीही पार्टचं नाव सांगत नाही. कंट्रोलरला काय दिसलं तेवढंच तो सांगतो. आणि त्याला जे दिसतं ते सेन्सरच्याच डोळ्यांनी. पी०७१५ म्हणजे टर्बाइनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या शाफ्टच्या, स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. पी०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचा हिशोब जुळत नाही. हिशोब कसा करतात? आत येणारा शाफ्ट किती फिरला भागिले बाहेर जाणारा शाफ्ट किती फिरला. तुमच्या प्रकारच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये तिसरा गिअर बहुधा १.०० असतो, दोन्ही शाफ्ट सारखेच फिरतात. आता आत येणारा आकडा वाचणारा सेन्सरच जर मध्येच मुका झाला, तर भागाकार चुकणारच. म्हणजे दुसरा कोड पहिल्याच्या पोटचा असू शकतो. म्हणून सर्किटचा कोड आणि रेशोचा कोड एकत्र आले की आधी सर्किटचा निकाल लावायचा.

पण "असू शकतो" यावर थांबायचं नाही. रेशो कोणत्या बाजूला चुकतोय ते बघा, तिथे उत्तर आहे. तीन शक्यता :

क्लच प्लेट खरंच घसरत असेल तर आतला शाफ्ट जोरात फिरतो, बाहेरचा मागे राहतो. भागाकार १.०० पेक्षा मोठा येतो, १.१०, १.२५ असा, आणि एकसारखा न राहता वाढत जातो. शिवाय इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र पुढे रेटा देत नाही. हे ड्रायव्हरला कळतंच.

सोलेनॉइड (ऑईलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा साधा व्हॉल्व्ह अडकून भलताच गिअर पडला असेल तर भागाकार दुसऱ्याच गिअरचा नेमका आकडा दाखवतो. तिसरा मागितला आणि १.५ च्या आसपास स्थिर आकडा आला, तर बॉक्स दुसऱ्यातच बसलाय. घसरत काहीच नाही.

आणि सेन्सरचा सिग्नल तुटत असेल तर भागाकार १.०० च्या खाली कोसळतो, कधी थेट शून्यावर. रस्त्यावर ६० ने पळणाऱ्या गाडीत गिअर अडकलेला असताना आतला शाफ्ट शून्य फिरणं शक्यच नाही. ते भौतिकशास्त्रात बसत नाही. मग खोटं कोण बोलतंय ते आपोआप कळतं.

तेव्हा स्कॅनरवर चार आकडे एकाच वेळी रेकॉर्ड करा : इंजिनचे आरपीएम, टर्बाइनचे आरपीएम, बाहेरच्या शाफ्टचे आरपीएम, ऑईलचं तापमान. चालवणारा वेगळा, स्क्रीन बघणारा वेगळा. घाट चढून या.

द्राक्षवाला

मध्येच घुसतो, माफ करा. पिंपळगावला माझ्याकडे १९९७ ची टोयोटा आहे, परदेशातून आलेली, ऑटोमॅटिक. तिला १६ पिनांचा सॉकेटच नाही. मी काय करू? आणि घरात दुसरी गाडी एएमटी आहे, तिलाही हेच लागू का?

सातपूर_शिफ्ट

द्राक्षवाले, तुमच्या गाडीत लाईटच बोलतो. बॉनेटखाली डायग्नोसिस लिहिलेली चौकोनी डबी असेल. चावी ऑन, इंजिन बंद, ओव्हरड्राइव्हचं बटण चालू स्थितीत, मग डबीतले टीई१ आणि ई१ हे दोन टर्मिनल छोट्या वायरीने जोडायचे. ओव्हरड्राइव्ह ऑफचा लाईट मिचकावायला लागतो. सारखाच भराभर मिचकावत राहिला तर कोड नाही. नाहीतर आधी दहम, थोडं थांबून एकम : सहा वेळा, थांबा, दोन वेळा म्हणजे ६२. तो पहिला सोलेनॉइड, ६३ दुसरा, ६४ लॉक-अपचा (कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि टर्बाइन थेट जोडणारा क्लच), ४२ आणि ६१ स्पीड सेन्सरचे. जुन्या होंडांमध्ये डी४ चा लाईट असाच बोलतो, तिथे लांब लुकलुक म्हणजे १० आणि छोटी म्हणजे १.

झाकणाच्या आतल्या नकाशावर टर्मिनल दोनदा बघा. भलतीकडे वायर घातली तर फ्यूज जाईल किंवा त्याहून महागाचं काही. आणि ज्यांच्याकडे १६ पिनांचा सॉकेट आहे त्यांनी १६ नंबरच्या पिनेवर थेट बॅटरीचं प्लस असतं हे लक्षात ठेवावं, तिथे पिन-टाचणी करू नये.

एएमटीचं घराणंच वेगळं. तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. तिथे टॉर्क कन्व्हर्टर नाही, त्यामुळे या धाग्यातलं अर्धं निरुपयोगी. वेगळा धागा काढा, येतो तिथे.

रानजाई

ओझरकर काका, रविवारी भावाला चालवायला बसवलं आणि मी लॅपटॉप मांडीवर. पहाटे निघून कसाऱ्यापर्यंत उतरलो, तिथून चहा पिऊन परत वर. उतरताना काही नाही. चढताना ऑईल ९० च्या पुढे गेलं आणि टर्बाइनचा आकडा नाचायला लागला. इंजिन २३०० च्या आसपास, बाहेरचा शाफ्ट एकदम स्थिर, आणि टर्बाइन २१००, ०, २१००, ०, ०, २१०० असं. गाडीत बसून काहीही जाणवलं नाही, ना झटका, ना इंजिनचा चढा आवाज. मग तीन-चार सेकंद सलग शून्य आलं, लाईट लुकलुकला आणि खाडकन तिसरा अडकला.

भावाला वाटलं मी ओरडले ते घाबरून. आनंदाने ओरडले होते.

ओझरकर

वा. याला म्हणतात पुरावा. क्लच प्लेट निर्दोष सुटली, निदान या आरोपातून.

आता प्रश्न उरला सेन्सर की वायर. नवा सेन्सर आणून लावून बघणं हा आपल्याकडचा लाडका मार्ग, पण वायर तुटलेली असेल तर पैसे वाया. क्रमाने जा. तुमचा सेन्सर दोन वायरींचा आहे ना? मग तो गुंडाळीवाला, त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो. तीन वायरी असत्या तर आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला ओहममध्ये मोजण्यात अर्थ नाही.

कंट्रोलरचा कनेक्टर काढून त्याच्या वायरीच्या बाजूने मोजा, थेट सेन्सरवर नको. म्हणजे सेन्सर आणि मधली सगळी वायर एकाच मापात येते. गार असताना आकडा लिहून ठेवा. मग वायरिंग जागोजागी हलवत मीटरकडे बघायचं, विशेषतः बॅटरीच्या ट्रेखाली, आणि जिथे उंदीर बसतात तिथे. त्यानंतर गाडी घाटातल्याइतकी गरम करून तेच माप. तांब्याचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. तेव्हा ५६० चे ७०० झाले तर ते नॉर्मल आहे, त्याला बिघाड समजून सेन्सर फेकू नका. आकडा गायब झाला, म्हणजे मीटर अनंत दाखवतोय, तर मात्र कुठेतरी तुटतंय. तेव्हा सेन्सरच्या तोंडाशी जाऊन पुन्हा मोजा. तिथेही अनंत असेल तर सेन्सर, तिथे ठीक असेल तर वायर.

अण्णा_द्वारका

गाडी गरम असताना खाली हात घालू नका, भाजून घ्याल. सेन्सर काढून टेबलावर ठेवा, मीटर लावा आणि हेअर ड्रायर मारा. आमच्याकडे हाच प्रयोग चालतो.

या प्रकारच्या बॉक्सला सेन्सर बाहेरूनच असतो, एका १० च्या बोल्टवर. काही बॉक्सना तो आत असतो, मग चेंबर (खालची ऑईलची परात) उतरवावा लागतो, खर्च वेगळा. बसवताना ओ-रिंग नवी, ऑईलचं बोट फिरवून. बोल्ट हाताने लावून मग जेमतेम ओढायचा. खालचं ॲल्युमिनियम आहे, आटा गेला की रडत बसाल.

रानजाई

निकाल : गार असताना ५७०. वायरिंग हलवून काही फरक नाही. गरम केल्यावर कंट्रोलरच्या बाजूने अनंत, सेन्सरच्या तोंडाशीही अनंत. मग काढून हेअर ड्रायर. ५७०, ६१०, ६४०, आणि फट् गायब. गार होऊ दिला की परत ५७०. आईचा ड्रायर होता, तिला हे सगळं बघून काय वाटलं ते लिहीत नाही.

नवा सेन्सर आणि ओ-रिंग मिळून तीन हजाराच्या आत बसलं. कोड पुसले, घाट चढून आलो. टर्बाइनची रेघ सरळ. लुकलुक नाही.

गंगापूररोडकर

९० हजार विरुद्ध तीन हजार. त्या गॅरेजवाल्याला जाऊन बिल दाखवा.

सातपूर_शिफ्ट

त्यात काय मिळणार? पी०७०० बघून गिअरबॉक्स उतरवायला सांगणारे सगळीकडे आहेत. बऱ्याचदा फसवण्याचा हेतूही नसतो, स्कॅनर आतपर्यंत पोचत नाही आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं. कोटेशन घेताना एवढंच विचारायचं की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमधला कोड कोणता. उत्तर आलं नाही तर पुढचं दुकान.

रानजाई

पुन्हा मीच. घाट ठीक आहे पण काल समृद्धीवर इगतपुरीहून आमणेपर्यंत गेलो आणि परत आलो. सलग १०० ने चालवल्यावर नवा कोड, पी०७४१, पेंडिंग म्हणून, म्हणजे अजून पक्का झालेला नाही. लाईट पेटलेला नाही, गाडी अडकलेली नाही. सेन्सर बदलताना काही बिघडवलं का आम्ही?

द्राक्षवाला

टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप. ब्रेक पॅडलचा स्विच बघा. तो अडकला की गाडीला वाटतं ब्रेक दाबलाय, लॉक-अप लागतच नाही. माझ्या गाडीला झालं होतं.

ओझरकर

द्राक्षवाले, स्विच अडकला तर लॉक-अप लागत नाही हे खरं. पण मग कंट्रोलर लॉक-अप मागतच नाही, आणि न मागितलेल्या गोष्टीची तक्रार तो करत नाही. पी०७४१ म्हणजे मागितलं, आणि तरीही इंजिन आणि टर्बाइन यांच्यातला फरक मिटला नाही. तेव्हा स्विच इथे संशयित नाही. सोलेनॉइडची वायर तुटली असती तर सहसा पी०७४० किंवा पी०७४३ आला असता, तेही नाही. उरतं ते ऑईलच्या वाटेवरचं : व्हॉल्व्ह बॉडीत साचलेला मळ, झिजलेला व्हॉल्व्ह, कन्व्हर्टरमधला क्लच, किंवा थकलेलं ऑईल.

रानजाई, तुम्ही काही बिघडवलेलं नाही. लॉक-अपची घसरण मोजायला टर्बाइनचा सेन्सरच लागतो. तो मध्येच मुका होत होता, तेव्हा ही तपासणी कदाचित पूर्णच होत नव्हती. दुखणं जुनंच असणार, दिसायला आत्ता लागलं.

एक साधी चाचणी. मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नाही हे बघून, ८० ला स्थिर ठेवा, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, आणि डाव्या पायाने... थांबा, बाबा चालवणार असतील तर नको, भावालाच सांगा. ब्रेकला फक्त लाईट लागण्यापुरता स्पर्श. लॉक-अप लागलेला असेल तर तो सुटतो आणि आरपीएम दोन-तीनशेने वर जातात, ब्रेक सोडल्यावर परत खाली येतात. काहीच हललं नाही तर तो लागलेलाच नव्हता. गार आणि गरम, दोन्ही वेळा करा. ऑईल पुरेसं गरम झाल्याशिवाय लॉक-अप मुळातच लागत नाही, त्यामुळे घरातून निघाल्या निघाल्या करून घाबरू नका.

स्टॉल टेस्ट कुणी सुचवली तर नको म्हणा. ब्रेक दाबून फुल थ्रॉटल द्यायची ही परीक्षा पाच सेकंदांच्या वर गेली तरी ऑईल उकळतं. १८ वर्षांच्या बॉक्सवर माहितीच्या हव्यासापोटी ती मी करणार नाही.

अण्णा_द्वारका

ऑईल बदला आता, खूप झालं. "लाईफटाईम" कुणाच्या लाईफचा ते कंपनी सांगत नाही.

मशीन लावून फ्लश नको. जुन्या बॉक्सला सगळा मळ एकदम सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो, असे बघितलेत मी. नट उघडा, पडेल तेवढं पडू द्या, तेवढंच नवं भरा. तुमच्या बॉक्सला एकूण साडेसातच्या आसपास बसतं, नट उघडल्यावर साडेतीन निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणजे एकदा बदललं तर निम्म्याहून जास्त जुनंच. थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं की जुनं २८ टक्के, तिसऱ्यांदा १५. त्याच्या पुढे पैसे घालू नका.

चेंबर उतरवणार असाल तर आतले मॅग्नेट बघा. राखाडी मऊ चिखल असणारच, तो झिजेचा. टोचणारे कण किंवा पत्र्याचे तुकडे असतील तर फोटो टाका इथे.

सातपूर_शिफ्ट

ऑईल कोणतं ते पुस्तक बघूनच. टोयोटाचं टी-४ आणि डब्ल्यूएस वेगळं, ह्युंदाईचं एसपी-३ वेगळं, होंडाच्या झेड१ च्या जागी आता डीडब्ल्यू-१. "सगळ्याला चालतं" म्हणून डेक्सरॉन-३ चा डबा पुढे करतील. जनरल मोटर्सने डेक्सरॉन-३ चे परवाने २००६ अखेर बंद केले. त्यानंतरच्या डब्यावर ते नाव असेल तर त्याची हमी फक्त डबा भरणाऱ्याची.

रानजाई

अपडेट. चेंबर उतरवला, फिल्टरची जाळी धुतली, मॅग्नेटवर फक्त राखाडी चिखल. पहिलं ऑईल जवळजवळ काळं निघालं, पट्टीवर इतकं वाटलं नव्हतं. नंतर नुसता नट उघडून दुसरं. ब्रेकची चाचणी : ऑईल ८५ पर्यंत असताना आरपीएम व्यवस्थित उडी मारतात, लॉक-अप लागतोय. १०० च्या पुढे गेल्यावर स्कॅनरवर इंजिन आणि टर्बाइन यांच्यात ६०-७० चा फरक उरतो, आधी दोनशेच्या आसपास होता. कोड अजून परत आलेला नाही.

ओझरकर

म्हणजे थोडी झीज आहे, ऑईलने बराचसा सावरला. कन्व्हर्टर बदलायला आज सांगणार नाही. बाबा गावात चालवतात, लॉक-अपचं काम तिथे कमीच. मुख्य शत्रू तापमान. घाटात ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा, लांब चढाला लिव्हर २ वर घ्या, म्हणजे तिसरा-चौथा अशी धरसोड होणार नाही आणि कन्व्हर्टर कमी तापेल. समृद्धीवर १०० ऐवजी ९० ने. रेडिएटरच्या पुढे बाहेरचा छोटा ऑईल कूलर बसवता येतो, तेवढा खर्च मात्र मी या गाडीवर करीन.

अधूनमधून तोच फरक रेकॉर्ड करा, त्याच रस्त्यावर, त्याच तापमानाला. १५० च्या पुढे चढायला लागला की सांगा.

रानजाई

कूलरची चौकशी करते. अण्णा, एक राहिलं, नटाखाली जुनाच वॉशर परत लावलाय, थेंब थेंब ऑईल दिसतंय. नट आणखी आवळू का?

अण्णा_द्वारका

अजिबात नको. वॉशर एकदाच दबण्यासाठी असतो, नवा घाला, दहा-वीस रुपयांचा आहे. तिसऱ्यांदा ऑईल काढाल तेव्हाच बदला, तोपर्यंत खाली पुठ्ठा टाका आणि रोज पट्टी बघा. आणि भरताना सगळं एकदम ओतू नका. निघालं तेवढं मोजून, त्यापेक्षा थोडं कमी भरा, गरम करून पट्टी बघा, मग वरचं. जास्त झालं तर फेस येतो आणि गिअर पुन्हा घसरल्यासारखे वाटतात.